तिच्या नावाचं गाणं तिच्यासमोर म्हणू का?

आक्का,
मी २६ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. दर रविवारी राजारामपुरीत आमचा कराओके ग्रुप जमतो, तिथं एक मुलगी येते. तिचा आवाज काय सांगू तुम्हाला, वरच्या पट्टीत गेली की सगळे मोबाईल खाली ठेवतात. दिवाळीनंतर तिला रंकाळ्यावर भेटून सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तुझ्याबद्दल तसं काही वाटत नाही, पण मैत्री राहू दे." तेव्हापासून मी गाणी लिहायला लागलोय, आधी आयुष्यात कधी लिहिली नव्हती. एकतर्फी प्रेमाची गाणी येता-जाता ऐकतो, ऐकताना लई भारी वाटतं आणि नंतर लई त्रास होतो. माझे प्रश्न तीन. ही गाणी ऐकायची बंद करू का? पुढच्या महिन्यात ग्रुपचा कार्यक्रम आहे, हॉल बुक झालाय, त्यात मी माझं एक गाणं म्हणणार आहे, त्यातल्या कडव्यांची पहिली अक्षरं जोडली की तिचं नाव होतं, दुसऱ्या कुणाला कळणार नाही पण तिला कळेल, तर म्हणू का? आणि तिसरं, उद्या मी तिला विसरलो तर माझं लिहिणं थांबेल का? खरं सांगू का, आता ती मिळाली नाही ह्यापेक्षा ह्याचीच भीती जास्त वाटायला लागलीय. सोबत ते गाणं पाठवतोय, आणि अजून एक आहे कामावरचं, ते आपलं असंच लिहिलंय, तेवढं खास नाही.
— सेकंड शिफ्टवाला

सेकंड शिफ्टवाल्या भावा,

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्याला तारीख लागलीय आणि बाकीच्या दोघांना नाही. नको म्हणूस. कार्यक्रमात गा, जरूर गा, पण हे गाणं नको. कारण सांगते, आणि ते जरा लांबणार आहे, तेव्हा शिफ्ट सुटल्यावर निवांत वाच.

पहिली गोष्ट, 'दुसऱ्या कुणाला कळणार नाही' हे तू कोल्हापुरात बसून लिहितोयस. अरे इथं मिरजकर तिकटीला कुणी नवी गाडी घेतली तर रात्री गंगावेशीत दूध प्यायला आलेली माणसं तिचं ॲव्हरेज सांगतात. तुझ्या ग्रुपमधल्या निम्म्यांना आत्ताच माहिती असणार, उरलेल्यांना इंटरव्हलमध्ये चहा घेता घेता कळेल, आणि तू स्टेजवर डोळे मिटून दुसऱ्या कडव्यावर आलास की सगळा हॉल तुझ्याकडं नाही, तिच्याकडं बघत असेल. गाणाऱ्याला हे दिसत नाही कारण त्याच्या तोंडावर लाईट असतो. खाली बसलेल्याला दिसतंय.

मी खाली बसलेली आहे. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला फिशपॉन्ड असायचे, तुमच्या वेळी राहिले होते का माहीत नाही, चिठ्ठीवर गाण्याची ओळ किंवा टोमणा लिहून डब्यात टाकायचा आणि तो स्टेजवरून नावासकट वाचायचे. एका वर्षी माझ्या नावावर आख्खं कडवं आलं, कुठल्या सिनेमातलं नव्हे, त्या मुलानं स्वतः लिहिलेलं, आणि खोटं कशाला बोलू, कडवं चांगलं होतं. सगळ्या रांगांमधल्या माना वळल्या. आता मी काय करायचं? हसले असते तर होकार धरला असता, रागावले असते तर शिष्ट ठरले असते, उठून गेले असते तर पुढच्या वर्षीचा फिशपॉन्ड तयार. मी चपलांकडं बघत बसले. त्या मुलाला आजही वाटत असेल की आपण तरुणपणी एक फार सुंदर गोष्ट केली होती, आणि त्याच्या बाजूनं ती सुंदर होतीच की! माझ्या बाजूनं मात्र ती संध्याकाळ म्हणजे नुसती चपलांची डिझाईन लक्षात राहिलीय.

हे माझं एकटीचं रडगाणं समजू नकोस, ह्याच्यावर अभ्यास झालाय. रॉय बॉमाइस्टर म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सारा वॉटमन आणि आर्लीन स्टिलवेल यांच्यासोबत १९९३ साली एकतर्फी प्रेमावर एक शोधनिबंध छापला, आणि त्यात दोन्ही बाजूंचे अनुभव लोकांकडून लिहून घेतले, ज्यांनी प्रेम केलं त्यांचे आणि ज्यांच्यावर केलं गेलं त्यांचेही. आपण सगळे धरून चालतो की भोगतो तो प्रेम करणारा. पण निघालं असं की प्रेम करणाऱ्याला मागं वळून बघताना दुःखाबरोबर गोडही बरंच काही आठवतंय, आणि नकार देणाऱ्याच्या वाट्याला मात्र बहुतेक नुसता वैतागच, अपराधीपणा, आणि आता काय बोलावं, कसं वागावं हेच न कळणं. कारण प्रेम करणाऱ्याला सगळं शिकवून ठेवलेलं असतंय, गाण्यांनी, सिनेमांनी, कादंबऱ्यांनी, की वाट बघ, झुर, हार मानू नको, एक दिवस तिला कळेल. नाही म्हणणाऱ्याला कुणी काय शिकवलंय? त्याच्यासाठी ना डायलॉग ना चाल. तू तुझी प्लेलिस्ट काढ आणि बघ, त्यातली किती गाणी नाही म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडची आहेत. एखादं असलं तर मला कळव, मलाही पाहिजे.

म्हणून रंकाळ्यावर तिनं जे दोन वाक्यात सांगितलं ना, ते मला तुझ्या सगळ्या कडव्यांपेक्षा अवघड काम वाटतं. टाळलं नाही, ब्लॉक केलं नाही, मैत्रिणींत चेष्टा केली नाही. तुला पाठ असलेल्या हजार ओळी होत्या आणि तिला एकही नव्हती, तरी तिनं सरळ आणि बरं बोलून दाखवलं. आता त्याच मुलीला भरल्या हॉलमध्ये परत तोच प्रश्न विचारायचा, आणि तोही असा की तिला उत्तर देता येऊ नये, हे बरं दिसतंय का सांग.

आता नावाचं. गाण्यात नाव घालायची हौस आपल्याकडं फार जुनी आहे, फक्त ते नाव कुणाचं असतंय ते बघ. गझलेच्या शेवटच्या शेरात, म्हणजे मक्त्यात, शायर तखल्लुस घालतो, ते त्याचं स्वतःचं टोपणनाव. अभंगाच्या शेवटी तुका म्हणे, नामा म्हणे. पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्या काढून बघ, आख्खी लावणी तिच्या डोळ्यांवर आणि चालीवर, आणि शेवटच्या कडव्यात हे महाशय आपलंच नाव घालून मोकळे. जिच्यावर लिहिलं ती कोण होती कुणाला ठाऊक नाही, ज्याचा जीव जळला त्याची सही मात्र ठळक. मला ही पद्धत लई आवडते. तुला अक्षरं जुळवायचीच हौस असेल तर तुझं नाव जुळव की, कोण नको म्हणतंय.

एम.ए.ला आम्हाला रसशास्त्र होतं, म्हणजे काव्यातल्या रसांचं शास्त्र, पाठ केलं, पेपर लिहिला, विसरले, आणि आता ह्या सदराच्या पत्रांना उत्तरं देताना ते एकेक आठवायला लागलंय. भट्टनायक म्हणून काश्मीरचा एक पंडित होता, त्यानं साधारणीकरण सांगितलं, पुढं अभिनवगुप्तानं ते आपल्या पद्धतीनं मांडलं. सोप्यात सांगायचं तर, काव्यात आल्यावर भाव अमक्याचा अमकीबद्दलचा असा उरत नाही, ती नावंगावं गळून पडतात, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या दुःखाची आपल्याला चव घेता येते, नाहीतर दुसऱ्याचं रडणं ऐकायला कोण तिकीट काढेल? आता तू ऐकतोस त्या गाण्यांतली 'तू' कोण आहे बघ. तिला पत्ता नाही, घरातली माणसं नाहीत, ऑफिसला जायची घाई नाही, तिला कधी सर्दी होत नाही. ती जागा मुद्दाम मोकळी सोडलेली आहे, म्हणून तर तिथं तुझी ही मुलगी बसली, आणि त्याच गाण्यात इचलकरंजीत लूमवर उभ्या असलेल्या कुणाची तरी कुणीतरी बसली असेल. तुझ्या गाण्यात ती मोकळी जागा तूच भरून टाकलीस. त्यामुळं बाकीच्या लोकांसाठी ते गाणं राहिलं नाही, तुमच्या दोघांची भानगड झाली, आणि तिच्यासाठी तर ते समन्सच.

बरं, आता पहिला प्रश्न. गाणी ऐकणं बंद करू का?

बंद नको करूस. त्रास होतो म्हणून गाणी सोडायची म्हटलं तर निम्मं कोल्हापूर मुकं होईल. पण तुला जे दोन्ही एकदम होतंय, भारी वाटणं आणि त्रास होणं, ते का होतंय एवढं समजून घे म्हणजे किती ऐकायचं ते तुझं तुला कळेल. एकतर्फी प्रेमात पडलेलं डोकं आणि आपल्या गाण्याची बांधणी एकाच पद्धतीनं चालते. मुखडा, अंतरा, परत मुखडा. अंतऱ्यात कुठंही फिरून ये, पावसात जा, लहानपणात जा, देवळात जा, शेवटी तिथंच यायचं. तू दिवसभर भट्टीपुढं उभा राहतोस, सुपरवायझरशी बोलतोस, डबा खातोस, आणि परत मुखड्यावर येतोस. म्हणून ती गाणी 'आपली' वाटतात, आपल्या डोक्याचा आवाज कुणीतरी सुरात लावून दिलाय असं वाटतं, आणि सुरात असल्यामुळं तेवढा वेळ तो सोसवतो, नुसता सोसवत नाही तर गोड लागतो. फरक एवढाच की गाणं चार-पाच मिनिटांत संपतं आणि डोकं संपवत नाही. गाणं संपल्यावरचा जो त्रास तू लिहिलायस तो हा आहे, म्हणून तू लगेच दुसरं लावतोस.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या शास्त्रकारांनी एकतर्फी प्रेमाला शृंगाररसाच्या पंगतीला बसूच दिलं नव्हतं. विश्वनाथाचा साहित्यदर्पण, चौदाव्या शतकातला ग्रंथ, त्यात सरळ आहे की प्रेम दोघांच्या मनात नसेल तर तो शृंगार नव्हे, नुसता आभास. विरह चालतोय त्यांना, विप्रलंभ म्हणून त्याला मानाचं पान आहे, पण तिकडं कुणीतरी आपल्यासाठी झुरतंय ही खात्री हवी. मला हे शिकतानाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नाही. शास्त्र्यांनी दार लावून घेतलं आणि गाणी खिडकीतनं आत आली. आणि ती त्यांच्या आधीपासून आत होतीच की, सातवाहन काळातला राजा हाल, त्याच्या नावावरची गाथासप्तशती, आपल्याच जुन्या माहाराष्ट्री प्राकृतातल्या सातशेच्या आसपास गाथा, त्यात निम्म्या ठिकाणी बायका बोलतायत, गावातल्या, शेतावरच्या, वाट बघणाऱ्या, ज्याला सांगायचं त्याला सोडून मैत्रिणीला सांगणाऱ्या. त्या काळची वस्ती आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणून काढलीय, तिथं सापडलेला रोमन समुद्रदेवाचा छोटा पुतळा टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. लोक तो पुतळा बघून रोमशी व्यापार होता म्हणून छाती फुगवतात, मला आपलं वाटतं की त्याच वस्तीत पंचगंगेवर घागर भरायला गेल्यावर कुणीतरी कुणाकडं बघितलं असेल आणि त्यानं बघितलं नसेल. ज्ञानोबांच्या विरहिणी घे, तिथं तर झुरणारी जीवच टाकायला तयार आणि समोरून विठ्ठल काही बोलत नाही. तेव्हा तू एकटा नाहीस, रांग मोठी आहे, आणि आभास म्हटल्यानं कुणाचं दुखायचं थांबलेलं नाही.

पण ह्याच शास्त्रकारांनी एक कामाची यादी दिलीय. प्रेमात पडलेल्या माणसाच्या दहा दशा: अभिलाष, चिंता, स्मृती, गुणकथन, उद्वेग, प्रलाप, उन्माद, व्याधी, जडता आणि शेवटी मृती. तुझं पत्र वाचताना मी पेन्सिलीनं खुणाच करत गेले. अभिलाष झाला, चिंता झाली, स्मृतीचं तर विचारू नको, गुणकथनावर तू चांगलाच मुक्काम टाकलायस (वरच्या पट्टीत गेली की मोबाईल खाली ठेवतात, म्हणे), उद्वेग चालू आहे आणि तो कार्यक्रमाचा प्लॅन म्हणजे प्रलापाची सुरुवात. रात्री दोन वाजता व्हॉट्सॲप स्टेटसला गाण्याच्या ओळी टाकतोस का? टाकत असशीलच. तो प्रलापच, आणि ती पहिल्या पाचात बघत असेल तर ते तुझ्यावरच्या प्रेमानं नाही, आज काय टाकलंय ह्या धास्तीनं बघत असेल, ते बंद कर.

शेवटच्या तीन पायऱ्यांची चेष्टा मी करत नाही. झोप उडालीय, जेवण जात नाही, कामावर भट्टीपाशी लक्ष लागत नाही, आणि तिथं लक्ष न लागणं म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको, किंवा नको ते विचार येतायत असं काही असेल तर सदराला पत्र लिहीत बसू नकोस, सरळ १४४१६ ला फोन लाव, टेलिमानसची सरकारी लाईन आहे, रात्री-अपरात्री चालते, फुकट आहे, मराठीत बोलतात. नाहीतर सीपीआर हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथं जा, कुणाला सांगून जायची गरज नाही. तुझ्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही, पण हे सदर फक्त तूच वाचत नाहीस.

आणखी एक आहे. डोरोथी टेनोव्ह म्हणून अमेरिकेतल्याच एक मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९७९ मध्ये ह्या झपाटल्या अवस्थेवर पुस्तक लिहिलं, तिला त्यांनी लिमरन्स असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं की ही अवस्था जगते ती थोड्या आशेवर आणि थोड्या अनिश्चिततेवर. सरळ होकार मिळाला तर ती हळूहळू निवते, सरळ नकार पचला तरी निवते, मधल्या मध्ये लोंबकळत राहिलं की मात्र भडकत राहते. आता तुझ्याकडं बघ. तिनं दोन वाक्यं बोलली, 'तसं काही वाटत नाही' आणि 'मैत्री राहू दे'. पहिलं वाक्य तू ऐकलंस आणि दुसऱ्यावर घर बांधलंस. मला वाटतं तुझ्या गाण्यांनीसुद्धा ह्यात हात धुऊन घेतलेत, कारण गाण्यांत 'मैत्री' हा नेहमी प्रेमाच्या आधीचा स्टॉप असतो, गाडी पुढं जाणारच. खऱ्या आयुष्यात ते बऱ्याचदा शेवटचं स्टॉपच असतं, आणि तिथं उतरून माणसं चांगली राहतात पण.

म्हणून ऐकण्याबद्दल एवढंच सांगेन, गाणी ऐक, पण तिच्या डीपीकडं बघत ऐकू नकोस. आणि फक्त झुरणारी नको ऐकूस रे, आपल्याकडं बाकीचंही आहे, पोवाडा आहे, ओव्या आहेत, देवल क्लबला गाण्याच्या बैठका होतात तिथं एकदा जाऊन बस. १८८३ पासून चाललेली संस्था आहे, आणि तिथं तासभर एकच राग ऐकला की तुझ्या लक्षात येईल, शब्द जवळपास नसले तरी जीव कालवतो, आणि त्या कालवण्याला कुणाचंच नाव चिकटलेलं नसतं. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाला शाहू महाराजांनी आपल्या दरबारी ठेवलं, त्या गावचा आहेस तू, तुला फक्त कराओकेचा ट्रॅक माहीत असावा हे काय बरं नव्हे.

आता तिसरा प्रश्न, आणि मला वाटतं तुझं खरं पत्र इथंच आहे. लिहिणं थांबेल का.

तू पाठवलेली दोन्ही गाणी मी वाचली. पहिलं, नाववालं. मुखडा असा आहे,

रंकाळ्याच्या काठावरती तुझी वाट पाहतो गं
गर्दी सगळी निघून गेली, मी एकटाच राहतो गं

मुखडा बरा आहे, कानात बसतो. पण पुढं अंतऱ्यांत चांदणं तीनदा आलंय, काळीज चारदा, पाऊस तर प्रत्येक कडव्यात पडतोय, आणि हे सगळं तुझं नाही, सगळं ऐकलेलं आहे, प्लेलिस्टमधून उचललेलं आहे, मुद्दाम नव्हे पण आलंय. आणि अक्षरं जुळवायच्या नादात दुसऱ्या कडव्याची सुरुवात इतकी ओढूनताणून झालीय की वाचतानाच कळतंय, इथं काहीतरी कोंबलंय. सबंध गाण्यात ती मुलगी कुठंच दिसत नाही, म्हणजे तिचं नाव आहे आणि ती नाही. तिची ती वरची पट्टी नाही, ती कशी बोलते नाही, रंकाळ्यावर ती काय म्हणाली ते तर अजिबातच नाही.

आणि दुसरं गाणं, जे तू 'असंच लिहिलंय' म्हणालास, कामावरचं, त्यात ह्या दोन ओळी आहेत,

ओतलेलं लोखंड लाल, बघता बघता काळं झालं
माझं मात्र आतल्या आत अजून तसंच लाल राहिलं

अरे लेका! मी हे वाचून चहा खाली ठेवला. ह्यात चांदणं नाही, काळीज नाही, 'तू' नाही, गं नाही. पण साचा भरताना बघितलेल्या माणसालाच हे सुचेल, दुसऱ्या कुणाला नाही, आणि ज्याला फाउंड्री माहीत नाही त्यालासुद्धा ते टोचतंय. दुःख तेच आहे तुझं, तिच्यामुळंच आलंय, पण ह्या ओळींना ती लागत नाही. तेव्हा ती डोक्यातून गेली की लिहिणं जाईल ही भीती तुझ्याच वहीनं खोटी पाडलीय, तू फक्त दुसरं पान नीट वाचलं नव्हतंस.

आणि असं बघ, हे गाव गाणी लिहून पोट भरणाऱ्यांचं आहे. १९१७ मध्ये बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२९ मध्ये प्रभात इथंच सुरू झाली, मग पुण्याला गेली, पुढं इथल्या स्टुडिओंत कितीतरी वर्षं सिनेमे झाले आणि त्यांना गाणी लागायची. जगदीश खेबुडकर इथलेच, पेशानं शिक्षक, त्यांनी लावणी लिहिली, भक्तिगीत लिहिलं, प्रेमगीत लिहिलं. आता शाळेत शिकवून घरी येऊन लावणी लिहिणारा माणूस रोज नव्यानं प्रेमभंग करून घेत असेल का? प्रसंग सांगितला जातो, चाल ऐकवली जाते, मीटर दिला जातो, आणि त्यात बसवायचं असतं. दुःख लागतंय, नाही असं नाही, पण ते एकदा आत पडलं की ते पुरतं, रोज जाऊन भरून आणावं लागत नाही. तुझ्या भीतीत एक धोका मात्र आहे. लिहिता यावं म्हणून तू दुःख जपून ठेवायला लागशील, बरं वाटायला लागलं की घाबरून परत तिचे फोटो काढून बसशील. तुला त्याची चाहूल लागलीय म्हणूनच तू हे विचारलंस असं मला वाटतं, आणि हे असं विचारणारा पोरगा मला आवडला.

आता एक काम देते. आपल्याकडं शाहिरीत कलगीवाले आणि तुरेवाले असतात, एकानं सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं जवाब द्यायचा, आणि फडात भाव जवाब देणाऱ्याचा असतो. तू वहीभर सवाल लिहिलेस. आता एक जवाब लिही, तिच्या तोंडचा. नाही म्हणणारीचं गाणं. अट एकच, त्यात ती दगड असता कामा नये, गर्विष्ठ नाही, फसवणारी नाही, मनातून प्रेम असून घरच्यांमुळं नाही म्हणणारी तर अजिबात नाही, ती सगळ्यात सोपी पळवाट आहे आणि आपल्या गाण्यांनी ती वापरून वापरून गुळगुळीत केलीय. एक साधी, बरी मुलगी, जिला हा मुलगा माणूस म्हणून आवडतो पण तसा आवडत नाही, आणि त्याला ते सांगायचंय, आणि घरी परत जाताना तिला कसं वाटत असेल ते. लिहायला बसल्यावर अडकशील. तिला सकाळी उठल्यावर काय आवडतं, ती कशावर चिडते, तिला काय व्हायचंय, हे तुला माहीत नाही असं लक्षात येईल, आणि तेव्हा तुला कळेल की इतके दिवस तू कुणावर लिहीत होतास. हे गाणं तिला दाखवायचं नाही बरं का, नाहीतर जवाबाचापण सवाल करशील.

ग्रुप सोडायची गरज नाही. थोडे रविवार दांडी मार, सेकंड शिफ्ट आहे म्हणून सांग, कुणाला खोटं वाटणार नाही. परत गेलास की तिच्यासोबत ड्युएट मागू नकोस, कुणी 'तुम्ही दोघं म्हणा ना' म्हणून आगाऊपणा केला तर तूच पुढं होऊन दुसऱ्याचं नाव घे, तिला ते करावं लागू नये. तिनं स्वतःहून बोललं तर बोल, ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाशी बोलतोस तसं. जमलं नाही तर जमलं नाही, मग मात्र दुसरा ग्रुप शोध, कोल्हापुरात कराओकेवाल्यांची टंचाई नाही, गल्लीगल्लीत स्पीकर लागलेत.

आणि कार्यक्रमात ते फाउंड्रीचं गाणं म्हण. ट्रॅक मिळणार नाही त्याला, कारण ते तुझं आहे, तर एक ढोलकीवाला आणि एक पेटीवाला गाठ, जमतंय ते. चाल फार करुण करू नकोस, जरा ठसक्यात ठेव, त्या लाल-काळ्याच्या ओळी ठसक्यात जास्त लागतील. तुमच्या कामावरच्या चार पोरांना बोलाव ऐकायला, मागच्या रांगेत का होईना, त्यांना त्यातलं जे कळेल ते हॉलमधल्या कुणालाच कळणार नाही.

पहिल्या गाण्याची कडवी जाऊ दे, मुखडा मात्र टाकू नकोस, पुढं कधीतरी उपयोगी पडेल. त्याच्या दुसऱ्या ओळीत दोन मात्रा जास्त होतायत, म्हणून चालीत तिथं धावावं लागतंय. 'एकटाच' काढ आणि 'तिथंच' घाल, गर्दी सगळी निघून गेली, मी तिथंच राहतो गं. मी गुणगुणून बघितलं, बसतंय.

— आक्का